बहिणीच्या घरातून हवामान

३ नोव्हें.
सकाळी आधी विचारपूस. किहीमला धाकटी बहीण सुमन, गुडघा कसा हाय? "बसलं की उठवत न्हाय." तिचा मुलगा विलास माणगावला, साखर उतरली म्हणतो. त्याच्या बायकोचा ताप गेला. शेजारची हिराबाय खोकतेय, तरी बोंबील वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, वाळत टाकायला निघालीच. उरला माझा पायथनचा प्रोग्राम, रोज पहाटे साइटवरून पावसाचा अंदाज आणून बायकांना मेसेज करणारा. तो आजारीच, परत ४०३, म्हणजे आत यायला मनाई. हवामानाची साइट मोबाईलवर उघडते, भाड्याच्या सर्व्हरवरून मागितलं की दार बंद. रेवसचं माझं नेट निम्मा वेळ गुल, म्हणून तर सर्व्हर घेतला. पहाटे पाचला अंदाज गेला नाही तर बायका बोंबील टाकणार की झाकणार?

४ नोव्हें.
कळलं. साइटला मागणी राहत्या घरातून आलेली हवी. म्हणजे रेसिडेन्शियल प्रॉक्सी, कुणाच्या तरी घरच्या नेटवरून फिरवून न्यायची. विकत मिळतात, लाखो घरं म्हणे. विकणाऱ्याला विचारलं, त्या घरच्यांना ठाऊक आहे का? गोलगोल उत्तर. दुसऱ्याच्या चुलीवर न विचारता भाकरी भाजायची नाही. आपली माणसं आहेत की.

७ नोव्हें.
किहीमला गेले. सुमनच्या राऊटरशेजारी तळहाताएवढा डबा लावला, सर्व्हरची मागणी तिच्या नेटवरून पुढे नेणारा, पासवर्ड घातला.
"यातून कोन काय बघल?"
"मीच गो. दिवसातून एकदा, हवामान."
"मंग र्‍हाऊ दे. माज्या मालिकेला धक्का नको."
चालवलं. ४०३च! जीव बारीक.

८ नोव्हें.
चूक माझीच. प्रॉक्सीच्या यादीत एचटीटीपीची ओळ लिहिली, एचटीटीपीएसची विसरले. साइट दुसऱ्या जातीची, म्हणून मागणी किहीमला न जाता सरळच जात होती. ओळ घातली. २००, म्हणजे दार उघडलं! एकटीच टाळ्या वाजवल्या.

११ नोव्हें.
पाचला टाइमआउट, किहीमहून उत्तरच नाही. सुमन हळदीला मुक्कामी गेलेली, फोनवर म्हणते, "घर बंद केलं का मेन स्विच खाली, आयेनंच शिकवलंय ना!" खरंय, मीही तेच करते. पण अंदाज गेला नाही, दुपारी सर आली, हिराबायचे बोंबील भिजले. "वयनी, तुजा मेसेज न्हाय म्हून मी टाकले." तोंड कुठे लपवू.

१३ नोव्हें.
दुसरा डबा विलासकडे. किहीम दहा सेकंदांत बोललं नाही तर माणगाव. दोन्ही गप्प, तर बायकांना मेसेज: आज अंदाज नाही, झाकून ठेवा. हे आधीच सुचायला हवं होतं.

१६ नोव्हें.
किहीम बंद, माणगावनं दिलं. अंदाज: दुपारी पाऊस. सगळ्यांनी झाकले, तीनला आलाच! हिराबाय अंगणात येऊन, "आमची वयनी हवामान खातं झाली गो!" सातवी पास बाई मी. आज ताठ चालले.

१७ नोव्हें.
विलासचा फोन. "मावशी, आम्हाला विचारलंस. साइटवाल्यांना?"
लागलं. पण बरोबर बोलला. बसून लिहिलं त्यांना, काहीही न लपवता: दोन घरं, दिवसाला एक मागणी, कुणासाठी. दुसरी वाट असेल तर दाखवा, बंद कर म्हणालात तर करते. शेवटी लिहिलं, वलांडीपाशी बायका खोळंबतात, हो की नाही ते तेवढं लवकर कळवा.