पुठ्ठ्यावरचं तेल

४ नोव्हेंबर, मंगळवार
व्हॅनखाली पुन्हा तेल. इंजिनाचंच, काळं. विनय जुलैत गेला तेव्हापासून गाडी गेटबाहेर उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी थोडी चालू करते, तेवढंच. तरी गळते. समोरचे जैनसाहेब फिरायला निघाले होते, थांबले. "भाभीजी, सफाई में नंबर वन शहर में ये दाग अच्छे नहीं लगते." खरंय. खोकं फाडून पुठ्ठा खाली सरकवला. नणंदबाई, नलूताई, गॅलरीतून बघत होत्या.

हातोदच्या चौधरीजींना रविवारी यायला सांगितलंय. त्यांचं टेंट हाऊस. लग्नांचा सीझन सुरू झाला, भांडी वाहायला गाडी विकत हवी. विनयने प्रवासासाठी बसवलेले आतले पलंग, ओटा, सिंक सगळं उखडणार. "बस, तेल नहीं टपकना चाहिए." मी बरं म्हटलं.

५ नोव्हें., बुधवार
पेपरातल्या सदराचा मजकूर वेळेत गेला. विषय रजया. पान लावणारी मुलगी म्हणाली, मॅम, बहुत प्यारा लिखा है. आत्ता एक वाक्यही आठवत नाही.

संध्याकाळी पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग. विनय म्हणायचा, गळेल तेवढं घालायचं. त्याच्याच डब्यातलं ओतलं थोडं. नलूताईंना सांगितलं नाही. सख्ख्या भावाची गाडी, त्यांना तो विषयच नको असतो. जेवताना टीव्ही लावतात आता, आवाज बंद करून.

६ नोव्हें.
डाग मोठा. ओतलं. विनयचा डबा संपला, तुकोगंजातून नवा आणला. दुकानदार, "कौनसी गाडी है, मैडम?" सांगता आलं. इंजिनाची, वर्षाची सगळी माहिती तोंडातून आपोआप आली, दुसरंच कुणी बोलत असल्यासारखी.

७ नोव्हें., शुक्रवार
रफीकभाई आले, इथल्या जुनी इंदूर भागातून, स्कूटरवर. गाडीचं काम सुरुवातीपासून त्यांच्याकडेच. "भैया नहीं दिख रहे?" म्हटलं, जुलैत गेले. हातातला पाना पुसत राहिले थोडा वेळ. मग बोनेटमध्ये वाकले. वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलंय म्हणाले, बदललं. "अब एक बूँद नहीं गिरेगी, भाभीजी. गिरे तो मेरा नाम बदल देना."
नलूताईंनी चहा दिला. साखर विसरल्या. रफीकभाईंनी तसाच प्यायला.

८ नोव्हें., शनिवार
सकाळी डाग ताटाएवढा. रफीकभाईंना फोन. "नया नाम सोच लिया?" म्हणून आधी स्वतःच हसले. मग म्हणाले, इंजिनाची मागची सील गेली असेल. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सोमवारी गॅरेजला आणा.
चौधरीजींना कळवलं, रविवार नाही जमत. "शादियाँ तो रुकती नहीं, मैडम. बुधवार तक देखता हूँ, नहीं तो दूसरी उठा लूँगा." मी बरं म्हटलं. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.
संध्याकाळी ओतलं.

९ नोव्हें., रविवार
चौधरीजी आतलं सगळं फेकणारच, तर आपणच रिकामं करावं म्हणून गाडीत बसले. चादरी, स्टोव्ह, दोन पातेली. बँकेतून रिटायर झाल्यावर विनयने हे एकट्याने बसवलं, सुतार न बोलावता. नलूताईंचा पलंग तोकडा झाला. त्या उंच. मांडू, महेश्वर, चंदेरी, सगळीकडे गुडघे दुमडून झोपल्या. विनय म्हणायचा, पुढच्या वर्षी वाढवतो. नलूताई म्हणायच्या, तोवर मी आखडेन, राहू दे.
रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. काही न काढता दार लावून घेतलं.

१० नोव्हें., सोमवार
गाडी मीच नेली, दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू. निघताना नलूताई चपला घालून उभ्या. "मी येते." आणि मागे जाऊन बसल्या, नेहमीच्या जागी.

रफीकभाईंनी खाली शिरण्याआधी तेल मोजायची डिपस्टिक ओढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेल खुणेच्या बोटभर वर. "इतना तेल? ये रोज कौन डाल रहा है?"
मी म्हटलं, मैं.
माझ्या मागून नलूताई म्हणाल्या, मैं.

रफीकभाईंनी दोघींकडे पाहिलं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "उस दिन मैंने भी डंडी नहीं देखी. तीनों एक जैसे." जास्त तेल भरलं की इंजिन ते फेटतं, आत दाब वाढतो, मग जिथे जरा कमजोर असेल तिथून बाहेर. आम्ही दोघी फक्त पुठ्ठा बघत होतो. मी संध्याकाळी घालत होते, त्या पहाटे, मी उठायच्या आत. त्यांचा डबा गाडीतल्या त्यांच्याच पलंगाखाली. काल मी त्याच पलंगावर बसले होते.

गाडी गॅरेजलाच ठेवून रिक्षाने निघालो. वाटेत त्या म्हणाल्या,
"तुला विकायचीये ना ती? मग तेल कशाला घालत होतीस?"
"विकायची म्हणून नव्हते घालत. तुम्ही कशाला?"
"विनू घालायचा."
मी म्हटलं, तुम्हाला विचारलं होतं मी विकण्याचं.
"भाजी वाढताना विचारलंस."
"तुम्ही बरं म्हणालात."
"तेव्हा तू मलाही विकायला काढलं असतंस तरी बरं म्हटलं असतं."
रिक्षावाला आरशात बघत होता. उतरताना पाहिलं तर नलूताई हसत होत्या, किंवा तसं काहीतरी.

११ नोव्हें., मंगळवार
रफीकभाईंनी जादा तेल काढलं, खुणेपर्यंत आणलं. गिअरबॉक्स उतरवला नाही. "सील बची भी हो सकती है, गई भी. लंबा चला के देखो. फिर ठंडी होने दो, तब पता चलेगा." गेली असेल तर काम मोठं. पार्ट इंदूरमध्ये मिळेलच असं नाही. मग चौधरीजी घेणार नाहीत, आणि आम्हालाही गेटबाहेर तशीच ठेवता येणार नाही. जैनसाहेबांचं तोंड कुठवर चुकवणार.
रात्रीच्या जेवणाला टीव्ही बंद. नलूताई, "उद्या काय सांगशील त्यांना?" माहीत नाही म्हटलं. बरं म्हणाले नाही.

१२ नोव्हें., बुधवार
मजकूर सकाळीच पाठवला. मग गाडी काढली. लांब चालवायची तर हातोदकडेच, चौधरीजींना द्यायची ठरलीच तर रस्ता तोच. नलूताई आज पुढे बसल्या. विनयच्या... म्हणजे तो चालवायचा तेव्हा ती माझी जागा. बेल्ट लावता येईना, मी लावून दिला.

एरोड्रमच्या पुढे रस्ता मोकळा. गव्हाची पेरणी चाललेली. इंजिनाचा आवाज बरा वाटला, पण मला त्यातलं काय कळतं. हातोदच्या अलीकडे एका बाभळीखाली थांबवली. नलूताईंनी ओढणी खोचली आणि त्या वयात सरळ जमिनीवर बसून वाकून खाली बघू लागल्या.

तेवढ्यात चौधरीजींचा फोन. "ला रहे हो ना?"
म्हटलं, रास्ते में हैं. खोटं नव्हतं.
"टपक रही है क्या?"
नलूताईंना विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सांग, गार होऊ दे आधी."
सांगितलं. चौधरीजी, "कब तक ठंडी होगी, मैडम? मेरे लडके खडे हैं." मी म्हटलं, देखकर बताती हूँ. आणि फोन ठेवला.

बोनेट गरम, हात ठेववत नाही अजून. नलूताईंनी आतला स्टोव्ह पेटवलाय, चहा ठेवलाय. मी पायरीवर बसून हे लिहितेय. मघाशी त्यांनी आतून विचारलं, "शुभा, पलंग किती वाढवता येईल गं, त्या बाजूने?"
मी उठून मोजायला गेले नाही. पण तिकडे बघतेय.