सेंटर हाफला मागे ठेवायचं होतं

प्रिय गोविंदा,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली होती? तुझी कचेरी आणि माझं शिंप्याचं दुकान यांत एका हाकेचं अंतर. तू गेल्याला चार महिने झाले तरी मी तुला एक ओळ लिहिली नाही. पण आज सकाळी तुझा धाकटा भाऊ माधव दुकानात येऊन गेला, मी त्याला एकच शब्द बोललो, आणि तेव्हापासून मशीनवर माझा हात चालत नाही. तो शब्द तुझ्याबद्दल होता, म्हणून सांगायचं तर तुलाच.

आधी वाईट बातमी ऐक. आपली फुटबॉलची टीम कामठीला हरली. पाच-एक! हसू नकोस. तुझ्या वेळी आपण बाहेरगावी हरायचोच, पण इतकं कधी नाही.

गोविंदा, तू जन्मात कधी बॉलला पाय लावला नाहीस. लहानपणी मोडलेला तुझा पाय वाकडाच बसला. पण मॅच म्हटली की धोतर खोचून, छत्री बगलेत मारून तू कॉर्नरच्या झेंड्यापाशी सगळ्यांच्या आधी हजर! कचेरीच्या कामाला नागपूरला गेलास की तसाच पुढे कामठीला जाऊन छावणीच्या मॅच बघून यायचास, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या कटिंगच्या टेबलावर बटणं मांडायचास. सदऱ्याची बटणं म्हणजे बाकीचे खेळाडू, कोटाचं मोठं बटण म्हणजे मधल्या रांगेतला सेंटर हाफ, आपला माधव. ते तू अलगद मागे, दोन बॅकच्या मधोमध सरकवायचास.

"शंकऱ्या, तिकडचे सारे आता असेच खेळून राह्यले. याले मागं घेतलं तं त्यांचा सेंटर फॉरवर्ड घुसन कुठून?"

मी ते बटण पुन्हा पुढे ढकलायचो. "अबे, सेंटर हाफ का चौकीदार हाय? त्यानं पुढं जावं, गोल मारावा!"

गिऱ्हाईक मापासाठी हात पसरून उभं आहे आणि आपण दोघं एका बटणावरून भांडतोय! काय वेडे होतो रे!

आपलं भांडण कधी मिटलंच नाही, कारण घरच्या मैदानावर आपण कसेही खेळलो तरी जिंकायचो. सिंदी मेघे गावाच्या वाटेवरची आपली ती काळी जमीन, हिवाळ्यात फाटून दगड झालेली. आपली पोरं त्यावर अनवाणी हरणासारखी पळायची आणि बाहेरच्यांचे बूट भेगांत अडकायचे. तू म्हणायचास, ही जमीन जिंकते, आपण नाही. मला त्याचा राग यायचा. खरं होतं म्हणूनच यायचा.

तुझ्या टायफॉईडच्या शेवटच्या आठवड्यात मी घरी आलो होतो, आठवतं? त्या दुपारी ताप उतरला होता. वहिनींनी तुझ्यासाठी काढलेला मोसंबीचा रस तू मलाच प्यायला लावलास, वर माझ्या नव्या चष्म्याची थट्टा केलीस. आणि मग माझं मनगट धरून म्हणालास, "शंकऱ्या, कामठीची मॅच लागली तं माधवले सांगजो, मागं राहाजो. घरी काहीही करा. तिथं मागं. सांगशीन ना?"

मी म्हणालो, "सांगीन."

गोविंदा, मी नाही सांगितलं.

मॅचच्या आदल्या दिवशी घोट्याला बांधायच्या मांजरपाटाच्या पट्ट्या घ्यायला सगळी टीम माझ्या दुकानात जमते आणि तू डाव सांगतोस, ही आपली इतक्या वर्षांची रीत. यंदाही सगळे आले. पट्ट्या घेतल्या, पण कोणी निघेना. तुझ्या स्टुलावर कोणी बसेना. शेवटी माधवच म्हणाला, "शंकरभाऊ, दादा जाताना काही बोलला होता का? कामठीचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गोलकीपर राऊतनं तर विडी विझवली. आणि मी म्हणालो, "हाव. बोलला होता. म्हणे, माधवले सांगजो, पुढं जा."

का म्हणालो? इतके दिवस तुझ्याशी भांडलो नव्हतो, म्हणून? नाही, उगाच गोड करून सांगत नाही. मला एकदा जिंकायचं होतं. कामठीशी नाही रे, तुझ्याशी! माझ्या नावानं सांगितलं असतं तर राऊतनं दहा फाटे फोडले असते. तुझ्या नावानं सांगितलं तर एकानंही तोंड उघडलं नाही. मेलेल्या माणसाचा शब्द! पोरं माना हलवत निघून गेली, आणि खरं सांगतो, मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आणि कामठीत काय झालं माहीत आहे? पहिला गोल आपला! माधव मधल्या रेषेवरून जो सुटला तो दोघांना चुकवत थेट आत. मी उड्या मारल्या. कॉर्नरच्या झेंड्याकडे बघून मोठ्यानं ओरडलो, "पाह्य, गोंद्या! पाह्य!" बाजूचे लोक बघायला लागले. दहा मिनिटं मी इतका सुखी होतो की तू नाहीस हेही विसरलो.

मग त्यांचा तो उंच सेंटर फॉरवर्ड जागा झाला. माधव पुढे, आणि आपल्या दोन बॅकच्या मध्ये हे एवढं मोकळं मैदान! हिरवं, सपाट, पाणी मारलेलं. भेगा नाहीत, कुठे पाय अडकायचा नाही. तो आला की सरळ राऊतच्या अंगावर. एक, दोन, तीन. माधव प्रत्येक वेळी उलटा धावत यायचा आणि प्रत्येक वेळी चार पावलं कमी पडायचा. हाफ टाइमला तो माझ्याकडे आला. पट्टी सुटलेली, घोट्यातून रक्त. म्हणाला, "भाऊ, मागं येऊ का?"

तेव्हा तरी! तेव्हा तरी मी 'ये' म्हणायला हवं होतं ना? मी म्हणालो, "दादानं सांगितलं तसं खेळ."

आणखी दोन झाले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये कोणी खिडकीबाहेर बघेना, कोणी डबा उघडेना. राऊतचं बोट सुजलं होतं. तो एकदम म्हणाला, "मेलेल्याच्या अकलेवर कोणी मॅच खेळते काय? गोविंदाले काय समजत होतं? जन्मात बॉल नाई मारला त्यानं!" बाकीच्यांनीही सुरू केलं. तुझी छत्री, तुझी बटणं, तुझा वाकडा पाय, सगळं निघालं. ज्यांचे घोटे तू चोळून दिलेस, तेच! मी समोरच्या बाकावर बसलो होतो. एकदा खाकरलो. तेवढंच केलं मी तुझ्यासाठी.

गेल्या आठवड्यात राऊत सगळ्यांचे शर्ट एका गाठोड्यात बांधून दुकानात टाकून गेला. मीच शिवलेले, मीच रंगवलेले. म्हणाला, आता नाही खेळत कोणी. मैदानावर बैलगाड्या उभ्या राहतात. जाताना मी आता दुसऱ्या वाटेनं जातो.

पण पत्र त्यासाठी नाही. आज माधव आला. बसला नाही. शाळेत जायची घाई होती, दप्तर हातात.

"शंकरभाऊ, एक विचारू? दादानं मले तं उलटंच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात. मागं राहाजो म्हणे. म्हणून तं त्या दिवशी सर्वांसमोर तुमाले विचारलं. तुमाले त्याच्या नंतर सांगितलं का?"

म्हणजे तू त्यालाही सांगून ठेवलं होतंस! माझा भरवसा नव्हता वाटतं? बरोबर केलंस. पण त्या वेड्यानं स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. दादाचा जिवलग म्हणून!

मी बॉबिन भरत होतो. मान वर केली नाही. म्हणालो, "नंतर."

त्यानं दप्तर खांद्याला लावलं. मग म्हणाला, "मंग वात झाला असंन त्याले. डोकं ठिकाणावर नसंन." आणि दाराच्या चौकटीला हात लावून, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलला, "त्याच दिवशी मले म्हणे, माधव, तू माह्यापेक्षा हुशार निघाला. जन्मात पयल्यांदा म्हटलं त्यानं. तेही वातातच बोलला असंन."

आणि गेला.

गोविंदा, मॅच घालवली, टीम घालवली, तुझं नाव घालवलं, हे सगळं मी कसंबसं गिळलं असतं. गिळतच होतो. पण तू त्या पोराला जन्मात एकदा चांगलं म्हणालास आणि तेही मी त्याच्या हातून काढून घेतलं! तू असतास तर माझ्या डोक्यात छत्री घातली असतीस. घाल ना रे.

टीम काही परत उभी राहत नाही, हे मला माहीत आहे. माधव पुन्हा खेळेल असंही वाटत नाही. मी खरं सांगितल्यावर राऊत माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही आणि माधव मला भाऊ म्हणणार नाही. वहिनी काय म्हणतील, तो विचारच करवत नाही. चांगलं असं यातून काहीच निघायचं नाही.

तरी हे पत्र संपलं की मशीनवर कापड टाकून मी त्याच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. शाळा सुटली की त्याला सांगीन, त्या दुपारी तुझा ताप उतरला होता, तू माझ्या चष्म्याला हसत होतास, तू पूर्ण शुद्धीवर होतास आणि मलाही 'मागं'च सांगितलं होतंस. तू जे जे बोललास ते सगळं शुद्धीवर बोललास. डोकं ठिकाणावर नव्हतं ते माझं.

तुला दिलेला मागचा शब्द मी मोडला. म्हणून याही शब्दावर तू आत्ताच विश्वास ठेवू नकोस. माधव रडेल, मला शिव्या देईल, तेव्हा ठेव.

तुझा,
शंकर शिंपी