करंगळी टेकवून

४ जाने., रवि.
डॅशबोर्ड आज संपवायचाच म्हणून सकाळीच बसलो. साठच्या दशकातली इटालियन स्पोर्ट्स कार, जोडायचं मॉडेल, मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं. खोक्यातून बंद टपाची आली होती. मी टप कापून ती उघडी केली, पुढच्या काचेची चौकट, सीट, दारांची आतली बाजू सगळं नव्याने हाताने केलं. राहिला फक्त स्पीडोमीटरचा काटा. काळ्या तबकडीवर पांढरी रेघ, केसाएवढी.
वाकडी आली. थिनरने पुसली. परत वाकडी. ब्रशला शिव्या दिल्या, नवा काढला. मग त्यालाही दिल्या. चहा जास्त झाला असणार.

६ जाने., मंगळ.
तळोजा. कंपनीच्या लॅबमध्ये ब्युरेटची काचेची नळी भरत होतो. प्लांटवरून गव्हाण गावचा हसुराम सॅम्पल घेऊन आला. बाटली माझ्या हातात देताना थांबला.
"सायेब, हात का हलतंय तुमचा?"
"थंडी आहे."
"थंडी कुठं हाय? पंखा चालू हाय ना डोक्यावर."
मग स्वतःच हसला. "रातची जरा कमी घेत जा." मी दारूला शिवत नाही हे अख्ख्या कंपनीला माहीत आहे. तरी मीही हसलो. त्याला तसं वाटलेलंच बरं.

१० जाने., शनि.
आप्पांचंही, माझ्या वडिलांचं, उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरायची, तंबाखू मळल्यासारखी. त्यांनी जन्मात तंबाखू खाल्ली नाही. पुढे सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला. 'कंपवात' हा शब्द आमच्या घरात डॉक्टर सोडून कुणी उच्चारायचं नाही. आत्ता लिहितानाही पेन थांबलं.
संध्याकाळभर टीव्हीसमोर बसून स्वतःचा अंगठा बघितला. बातम्या काय लागल्या होत्या देव जाणे.

११ जाने., रवि.
जुन्या गाड्या कपाटातून काढल्या. एकेक भिंगाखाली. निळी, पिवळी, रॅलीवाली पांढरी. पांढरीच्या दारावरची लाल पट्टी आखल्यासारखी सरळ. तिच्यानंतरची हिरवी, गेल्या पावसाळ्यातली. तिच्या बॉनेटवरच्या रेघेला बारीक लाट आहे. कुणाला दिसणार नाही. मलाही कालपर्यंत दिसली नव्हती.
म्हणजे चहा नाही. तेव्हापासूनच.
गाड्या परत ठेवल्या, त्याही हात लागून पडतील म्हणून दोन्ही हातांनी.

१४ जाने., बुध.
संक्रांत. शुभाचं हळदीकुंकू. सोसायटीतल्या बायकांच्या घोळक्यात नवऱ्याचं काम एकच, कॉफीचा ट्रे पोचवायचा. स्वयंपाकघरातून निघालो आणि कप बशांवर वाजायला लागले. समोरच्या वहिनींनी वर बघितलं. तेवढ्यात शुभा तिळगुळाबद्दल काहीतरी बोलत बोलत आली आणि ट्रे घेऊन गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बेडरूममध्ये जाऊन बसलो. बाहेर उखाणे चालले होते.

१५ जाने., गुरु.
सकाळचा चहा कपात अर्धाच. म्हटलं दूध संपलं असेल. कप संपला तसा शु.ने न विचारता आणखी अर्धा ओतला.
ती आप्पांना असाच द्यायची. सांडू नये, त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून.
चहा पिऊन कंपनीची बस पकडली. बसमध्ये डोळे भरून आले, खिडकीकडे तोंड केलं.

१७ जाने., शनि.
शु.ला सांगितलं, थिनर आणायला चाललोय. गेलो नेहमीच्या डॉक्टरांकडे. दवाखाना खोकणाऱ्या मुलांनी भरलेला. आत गेल्यावर मांडीवरचं हेल्मेट घट्ट धरून सगळं सांगितलं, आप्पांचंही. त्यांनी हात पुढे धरायला लावले, तेव्हा नेमके स्थिर राहिले. मग कोरा कागद दिला, "एक गोल गोल चकली काढा बघू. आतून बाहेर."
काढली. डॉक्टर बघतच राहिले. "अहो, छापल्यासारखी आहे! असा हात माझा पण नाही. टेन्शन कमी करा, चहा कमी करा. वाढलं तर या."
बाहेर आलो तेव्हा रस्ताभर गाणं म्हणावंसं वाटत होतं. पनवेलची धूळसुद्धा गोड लागली. शु.साठी गजरा घेतला. ती म्हणाली, "थिनरच्या दुकानात गजरे कधीपासून मिळायला लागले?"

१८ जाने., रवि.
आनंदात काटा रंगवायला बसलो.
मनगट लाकडी ठोकळ्यावर. करंगळी टेबलाला टेकलेली. पूर्ण श्वास सोडायचा, पुढचा घ्यायच्या आधी रेघ ओढायची. वर्षानुवर्षं असंच. आता ते ठरवून करावं लागत नाही.
रेघ सरळ आली. खरंच सरळ. आणि अंगावर सर्रकन काटा आला.
कारण ती चकली मी अशीच काढली होती. मनगट डॉक्टरांच्या टेबलावर, करंगळी कागदावर, श्वास सोडून. प्रत्येक फेरा संपला की थांबून. फसवायचं म्हणून नाही. हातात पेन आलं की हात तसाच बसतो. हेल्मेटही धरूनच ठेवलं होतं, मांडीवर सैल, रिकामा पडलेला हात त्यांनी बघितलाच नाही.
ते बरोबर बोलले. त्यांना दाखवलं ते मी चुकीचं दाखवलं.

२० जाने., मंगळ.
परत जाऊन काय सांगू? साहेब, मी चांगली काढली, आता वाईट काढतो?
आणि कशाला सांगू? एका डॉक्टरने माझ्या हातात काही नाही असं सांगितलंय. ते मीच खोडायला जायचं?
हसुराम आज सॅम्पल माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवून गेला. हसला नाही.

२४ जाने., शनि.
गाडीला आरसा लावायचा होता. तांदळाच्या कणीएवढा. चिमट्यात धरला, टोकाला सुपर ग्लू. अधांतरी न्यावा लागतो, तिथे करंगळी टेकवायला जागाच नाही. हात उडाला. आरसा बॉनेटवर आडवा चिकटला. काढायला गेलो तर लाल रंगाचा पापुद्रा निघून खालचं राखाडी प्रायमर उघडं पडलं.
ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. शु. धावत आली.
"काय झालं?"
"काही नाही."
"अहो, काही नाही म्हणून असं ओरडतं का कोणी?"
मग म्हणाली, "दिवाळीत कंदील लावताना बघितलं मी. वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून."
सगळं सांगितलं. दवाखाना, चकली, करंगळी. ती ऐकत होती, मग एकदम हसायला लागली. "म्हणजे डॉक्टरांसमोर पण गाडीच रंगवत बसलात तुम्ही!" हसता हसता रडली. मीही. आप्पांच्या वेळी आम्ही दोघं एकदाही रडलो नव्हतो.

२५ जाने., रवि.
शु.ने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, परवाची. मी म्हटलं जरा थांबू, गाडी तरी पुरी होऊ दे. ती म्हणाली, "गाडी कुठे पळतेय?"
मला खरी भीती वेगळीच आहे. आजाराचं नाव कळलं की टेबलाशी बसणं बंद होईल. कुणी बंद करणार नाही. मीच बसणार नाही. मग रविवारी सकाळी उठून मी कोण?
हे तिला सांगितलं. हात हातात घेऊन बसली, तोच, उजवा. तिच्या हातात तो हलत होता आणि तिने सोडला नाही.

२७ जाने., मंगळ.
रजा टाकली. अकराची वेळ. पहाटेपासून जागा आहे.
शु.ने सकाळी कागद पुढे केला. "एकदा इथे काढून बघा. काही टेकवू नका." मी नाही म्हटलं. घरी सराव केला तर तिथपर्यंत हात पुन्हा काहीतरी शिकून येईल.
तिथे कोपर वर ठेवायचं. करंगळी वर. श्वास चालू. एवढंच करायचंय आणि हेच जमेल की नाही ठाऊक नाही. आजवर हातात पेन, ब्रश, चिमटा काहीही घेतलं ते नीट काढायलाच. आज मला नीट काढायचं नाहीये.
शु. चप्पल घालून दारात उभी आहे. लिफ्ट वर आलीय, म्हणतेय.