शनिवारची वही

१० मे १६९२
आलो एकदाचा! कोर्टाचा कारकून म्हणून बॉस्टनहून निघालो तेव्हा आई रडली होती. तिने हे गाव पाहायला हवं होतं. सफरचंदाची झाडं फुलली आहेत. राहायची सोय विधवा मेहिटेबल डो यांच्याकडे झाली. बाई सत्तरीच्या, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. "कारकून आहे की काडी? वाढ गं त्याला," म्हणून मुलीवर ओरडल्या. मुलगी हेप्झिबा फारसं बोलत नाही, पण ताट रिकामं होऊ देत नाही. गंमत म्हणजे मेहिटेबलबाई गाईला मेलेल्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतात. "जोसाया, सरक तिकडे!" आणि धार काढताना दिवसभराची गाऱ्हाणी तिच्यापुढे मांडतात. हसून हसून माझं पोट दुखलं.

गावच्या चर्चचे पाळक स्टोन यांनी नवी वही दिली. इथे प्रत्येकाने रोज मनातलं पाप, पाहिलेलं, ऐकलेलं सगळं लिहायचं आणि शनिवारी सूर्य मावळायच्या आत पाळकांना दाखवायचं, म्हणजे रविवारी माणूस देवापुढे स्वच्छ उभा राहतो. माझं अक्षर पाहून ते खूश झाले.

१६ मे
शनिवारी वही दाखवली. गाईची हकीकत पाळकांनी दोनदा वाचली. हसले नाहीत. असंच बारीकसारीक लिहीत जा, तुझी नजर चांगली आहे, म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गिरणीवाल्याच्या मुलीला झटके येतात. वैद्य म्हणतात, चेटूक.

३१ मे
मेहिटेबलबाईंवर खटला. नवऱ्याचा आत्मा गाईत बसवला म्हणे. पुरावा माझी वही, आणि कारकून मीच, तेव्हा मलाच वाचायला लावली. पोट दुखेपर्यंत हसलो ते वाक्य गाळ, असं पाळक आधीच कानात सांगून गेले होते. मी गाळलं.

बाई म्हणाल्या, "खरंच लिहिलंय की पोराने. बोलते मी गाईशी. तुमच्यापेक्षा बरं ऐकते ती." गिरणीवाल्याची मुलगी किंचाळून खाली पडली.

न्यायाधीशांनी नियम सांगितला. गुन्हा कबूल करून साथीदाराचं नाव देईल तो जगेल, नाकारेल तो फासावर. बाईंनी नाकारलं. मी ते एक वाक्य वाचलं असतं तर— आज अक्षर मात्र सुरेख आलं.

१० जून
बाईंना टेकडीवर फाशी दिली. गाईलाही मारलं. हेप्झिबाने नेहमीसारखी चूल पेटवली. संध्याकाळी ताट वाढलं. मी जेवलो.

१८ जून
आठवडाभर नुसत्या प्रार्थना लिहिल्या. पाळकांनी पानं चाळली. इतकी स्वच्छ वही? काय लपवतोस? मग म्हणाले, चेटकिणीच्या घरी महिनाभर जेवलास, तुला कसं काहीच झालं नाही?

२० जून
गिरणीवाल्याच्या मुलीने बोट दाखवलं. माझ्याकडे. माझ्या जागी नवा कारकून बसला होता. माझं नाव लिहीत होता. अक्षर गचाळ—

२३ जून
कोठडी. पायात बेड्या. वही मात्र दिली, लिहायलाच लावतात. लिहिलं. मी चेटूक केलं. मी चेटूक केलं. पाळक म्हणतात, एवढ्याने भागत नाही, नाव हवं. मेलेल्या बाईचं चालणार नाही. जिवंत माणसाचं.

या गावात मी ओळखतो तरी कुणाला—

२५ जून, शनिवार
सोमवारी टेकडी. मला मरायचं नाही. आई, मला मरायचं—

हेप्झिबा रोज मक्याची भाकर आणते. दुसरं कुणी फिरकत नाही. आजही आली. म्हणाली, वही घरी टेबलावरच असायची, मी वाचली होती. कोर्टात तू काय गाळलंस ते मला तेव्हाच कळलं. तरी खा.

खाल्ली.

ऊन उतरलं. पाळक दारात, वहीसाठी हात पुढे करून. ती अजून गजांपाशीच आहे. विचारतेय, मीठ बरोबर पडलंय का—

माझी साथीदार हेप्झि