जांभळी झेलिंदा

पार्मा, फेब्रुवारी १९२६

तीर्थरूप कालिस्तोदादा,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे ओरेस्तेचा, नमस्कार. आपले गुडघे, आपलं चर्च आणि आपल्या कोंबड्या यांची खुशाली कळवावी (गुडघ्यांची आधी). पाद्र्याची बहीण असून ऑपेरात गायला गेली म्हणून आपण वीस वर्षं झेलिंदाला ओळ लिहिली नाहीत. मी मात्र लिहितो. छापखानेवाल्याला कागदापुढे लाज नसते.

गेल्या रविवारी थिएटरात तिचा संगमरवरी अर्धपुतळा बसवला (नाक मूळच्यापेक्षा बरं आहे, तिला सांगू नये). समारंभात वाटायला पुतळ्याची पाचशे चित्रं मीच छापली. काळी शाई संपत आलेली, म्हणून तीत उरलीसुरली लाल-निळी ओतली. चित्रं निघाली जांभळी, आणि खरं सांगतो, दगडावरच्या सावल्या इतक्या देखण्या माझ्या हातून कधी उतरल्या नव्हत्या. त्या खुशीत माझी अक्कल गहाण पडली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तुम्ही पाद्री जांभळं घालता आणि पूर्वी तेव्हा थिएटरं बंद पडत, म्हणून ऑपेरावाल्यांना जांभळा रंग म्हणजे साक्षात मरण. त्या धसक्यापायी लग्न झाल्यापासून आमच्या घरात वांगंसुद्धा आलेलं नाही!

दारवानानं गठ्ठा सोडला आणि झटकन किल्ल्यांना हात लावला (लोखंड शिवलं की अपशकुन टळतो म्हणे). मुख्य गायक माझ्यावर ओरडला, "अरे ओरेस्ते, बायको जिवंत आहे ना तुझी? मग हे काय वाटतोयस मेल्या?" तो गेला, त्याच्यामागे कोरस गेला, मग वाजंत्री. उरलो आम्ही दोघं आणि पुतळा. झेलिंदा शालीत गुरफटून खुर्चीत बसली होती. म्हटलं, आता आपली धडगत नाही. तर ती हसायला लागली, हसता हसता खोकली, आणि रुमाल लाल झाला. मी फार भ्यालो, दादा.

घरी आल्यावर म्हणाली, "चित्रं जाळू नका हो. मागची बाजू कोरी आहे ना? मी गेले की तिथं माझी तारीख छापा आणि चर्चच्या दारात वाटा. तिथं हा रंग चालतो."

बाकी ठीक. थंडी आहे.

आपला,
ओरेस्ते

ता. क. एक चित्र सोबत धाडलंय. नाक पाहावं.

ता. क. दुसरा. डॉक्टर म्हणतात, ईस्टर दिसणार नाही. मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते शेवटचं तेल लावायला दुसरा पाद्री तिला नको. रोज विचारते, दादाला लिहिलंत का? आज म्हणाली, "त्या वेळी गळ्यात घालतो ना, तो जांभळा पट्टा घेऊनच ये म्हणावं. आता मला चालेल."