एल्दोचा दगा

सोमवार, ५ फेब्रुवारी. कोची.
शुक्रवारी टीम लीड ठरणार. म्हणजे मीच. सगळ्यांनी एकमेकांबद्दल गुप्त मत नोंदवायचं, आमचे मॅनेजर तंपी सर ते वाचून ठरवणार. मतांचं अ‍ॅपही मीच लिहिलंय, पायथनमध्ये. एल्दो म्हणाला, लॉगिन करणाऱ्याचं नाव सगळ्यांसाठी एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवू नकोस, ज्याच्या त्याच्या सेशनमध्ये ठेव. सर्व्हरवर अनेकांची कामं वेगवेगळ्या थ्रेडमध्ये एकदम चालतात, शेवटी आलेल्याचं नाव बाकीच्यांना चिकटेल. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतंय. मी एकटाच होतो, पण चालतंय. पोटात दुखतंय त्याच्या, दुसरं काय.

मंगळवार, ६. दुपार.
सकाळी अ‍ॅप सर्व्हरवर चढवलं, मतं यायला लागली. केवळ तपासणी म्हणून माझ्याबद्दलची मतं उघडली. एल्दोच्या नावाखाली: 'घाईचं काम. कुणाचं ऐकत नाही. लीड करू नये.'
हॉस्टेलला चार वर्षं एका खोलीत काढली. त्याच्या आईच्या हातची मीन करी बोटं चाटून खाल्ली. आणि यानं केसानं गळा कापावा? जेवण गेलं नाही. पोरोट्टे तीनच.

बुधवार, ७.
अकाउंट्सच्या ताई, बीना चेचींनी लॉगिन केलं, तर स्क्रीनवर 'नमस्कार, शिवन'. शिवन टेस्टिंगला आहे आणि त्याला मिशा आहेत. सर्व्हर रीस्टार्ट केला. दहा मिनिटं ठीक, मग चेची पुन्हा शिवन. पुन्हा रीस्टार्ट. एल्दोनं विचारलं, मी बघू का? मी त्याच्याशी अबोला धरलाय.

गुरुवार, ८. ४.४०.
नावं गुंततायत याचा फायदा फक्त माझ्याच लक्षात आला. काहीही लिहा, जाणार दुसऱ्याच्या नावावर! एल्दोबद्दल मनातलं सगळं ओकलो. 'मित्राशी गद्दारी करणारा टीम काय सांभाळणार' वगैरे. सबमिट. हलकं वाटलं. निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

शुक्रवार, ९.
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. एल्दो आधीच तिथे. त्यानं काल चार वाजता नाव ज्याच्या त्याच्या सेशनमध्ये हलवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक मत बरोबर नावावर. माझंही. आधीची मतं कुठल्या कॉम्प्युटरवरून आली ते सर्व्हरच्या नोंदींत, लॉगमध्ये, बघून ज्याच्या त्याच्या नावावर लावली. माझ्याबद्दलचं 'लीड करू नये' हे सरांनीच लिहिलेलं. एल्दोचं माझ्याबद्दलचं मत शिवनच्या नावावर सापडलं: 'माझ्याआधी याला लीड करा.'
लीड एल्दो झाला.
बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तोंडावर बोलला असतास तरी चाललं असतं रे."
डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. पण दगा तो दगाच. चारला दुरुस्त केलंस, तर चारलाच सांगायचं ना.