सरपंच चालला की लहर येते

६ एप्रिल
वायर पुन्हा कुरतडली. उंदराच्या मेंदूतल्या लहरी टिपायच्या तर त्याच्या डोक्यापासून छताच्या हुकापर्यंत वायर. तो दोन पावलं टाकतो, वायर पिळवटते, मग बसतो गप्प. बसलेल्या उंदराचा मेंदू मी किती दिवस बघू? मला चालणारा हवा. मॅडम (माझ्या गाइड) म्हणाल्या, "मे संपेपर्यंत तुमचं बिनवायरचं यंत्र चाललं तर ठीक. नाहीतर वायरवरच थिसिस संपवा." संपवा म्हणे! चाळिशीला टेकलेल्या बाईशी असं बोलतात का?
यवतमाळचा उन्हाळा सुरू झालाय. माझं डोकं तापायला त्याची गरज नव्हती.

९ एप्रिल
इमरान आला. मूळचा उमरखेडचा, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. यंत्र त्यानेच जुळवलंय. आम्ही त्याला टोपी म्हणतो. नखाएवढी पाटी, उंदराच्या डोक्यावरच्या सॉकेटात बसते आणि लहरी थेट लॅपटॉपवर धाडते. वायर नाही! पण बॅटरी जड. डोक्यावर ठेवली तर बिचाऱ्याची मान जायची.
"पाठीवर बांधू, ताई. दप्तरासारखी."
मग मारेगावला सुनीलला फोन. माझा धाकटा भाऊ, टेलर.
"उंदरासाठी जाकीट शिवशील?"
"छाती किती?"
मोजून सांगितली.
"बाही ठेवू का बिनबाहीचं?"
हसून हसून पुरेवाट. फोन ठेवल्यावरही हसतेय.

१४ एप्रिल
जयंतीला मारेगावला. पांढरे कपडे, निळे झेंडे, आईच्या हातची खीर. मिरवणुकीत सुनील (सु.) नाचत होता आणि मी सारा वेळ त्याच्या मागे, हात पोचेल इतक्या अंतरावर. सवयच झालीय. त्याला मिरगी आहे. गोळ्या चालू आहेत, तरी फिट येते, आणि येते ती बहुतेक चालता-धावतानाच. लहानपणी बाबांनी नागपूरला नेलं होतं. डोक्याला तारा लावून त्याला खाटेवर झोपवलं, हलू नको म्हणाले. गुणी पोरगं, हललं नाही. रिपोर्ट नॉर्मल. मग गावभर झालं की पोट्टं नाटक करते. मास्तरसुद्धा तेच म्हणायचे. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.
सु. मधेच वळला. "तू काहून मागं मागं फिरून राह्यली? नाच ना!"
"तुला काही झालं तर?"
"पडलो तं पडलो. तू नाच."
नाचले. पाय अजून दुखतायत. मजा आली.
चालणाऱ्याच्याच मेंदूत बघायचंय ते यासाठी. मॅडमना हे कधी सांगितलं नाही. सांगायला गेले तर रडेन, आणि त्यांच्यासमोर रडायचं नाहीये.
येताना जाकीट घेऊन आले.

२० एप्रिल
जाकीट घातलं! निळं, बिनबाहीचं, काठाला पायपिंगसुद्धा. पायपिंग कशाला रे बाबा? उंदराने आधी सगळं हुंगलं, एक टोक चावून पाहिलं, मग उठला आणि पेटीचे चारही कोपरे तपासून आला. ग्रामपंचायतीच्या कामाची पाहणी करतात तसा. वहीत त्याला नंबर आहे. माझ्यासाठी तो आजपासून सरपंच.
लहर मात्र नाही. नुसती खरखर.

५ मे
आली! आली! आली!
रेकॉर्डिंगच्या खोलीतला एसी बसला म्हणून सकाळी ऑफिसातला कूलर ओढून आणला. सरपंच निघाला, आणि स्क्रीनवर सुरेख, एकसारखी लहर. परतला, लहर गेली. पुन्हा निघाला, पुन्हा आली. मी ओरडले, इमरान ओरडला. सगळ्या डिपार्टमेंटला आलूबोंडे. मॅडमनी दोन खाल्ले.
यांना फोन केला. (नवरा, एसटीवर ड्रायव्हर.) "अहो, उंदीर चालला!"
"ब्रेक लागते का ते पाह्य आधी."
या माणसाशी आनंदाचं काही बोलायची सोय नाही.

७ मे
इमरान सकाळपासून परवाचं रेकॉर्डिंग उलटसुलट बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, लहर एकाच कोपऱ्यात येऊन राह्यली. कूलरच्या समोर."
मी भडकले. त्याने वाद घातला नाही. कँटीनमधून एक कच्चा आलू आणला, टोपीच्या तारा त्यात खुपसल्या, बॅटरीसकट जाकीट शेजारी ठेवलं आणि आलू त्या कोपऱ्यात ठेवून दिला.
लहर. सुरेख. एकसारखी.
"आलूलेबी फिरायचा विचार येऊन राह्यला, ताई."
कूलरच्या वाऱ्याने टोपी थरथरत होती, ते थरथरणं आम्ही मेंदू समजलो. आणि सरपंच त्या कोपऱ्यात जायचा तो गारव्याला. या उन्हात मीही तिथेच गेले असते. मला रडूच येणार होतं, तर मागून हसण्याचा आवाज. मॅडम! खुर्चीला धरून हसत होत्या, डोळ्यांना पाणी. "आणि मी दोन खाल्ले हो!" मग आम्ही सगळेच. आता हसू आवरत नाही, पण मेचा पहिला आठवडा गेलाय.

१८ मे
कूलर हद्दपार. ऊन चढायच्या आत काम. टोपीला इमरानने रबराची पट्टी कसली. आधी आलू ठेवला, सगळ्या कोपऱ्यांत फिरवला. सरळ रेषा. ठोंब्या. असा आनंद मला कुठल्या आलूने कधी दिला नव्हता.
मग सरपंच. बसला, मिशा साफ केल्या. रेषा बारीक, विस्कटलेली. उठला, चालायला लागला, आणि
आली. डावीकडे आली, उजवीकडे आली, मधोमध आली. थांबला की विरते, निघाला की उठते. मी ओरडले नाही. इमरान पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होता, "चालून राह्यला, ताई. खरंच चालून राह्यला."
मॅडमनी बराच वेळ बघितलं. तेव्हा त्यांना सु.बद्दल सगळं सांगितलं. रडले, व्हायचं ते झालं. त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला, जो कुणाला देत नाहीत. मग नेहमीच्या आवाजात, "एका उंदरावर जमलं म्हणजे जमलं असं नाही. दुसरा घ्या. तोही चालला आणि लहर आली, तर वायर काढून टाकू. आणि त्या दिवशी भावाला बोलवा."

२९ मे
सु. सकाळच्या गाडीने आला. आधी सरपंचाला बघितलं. लहर उठताना, विरताना. जाकिटाकडे त्याचं लक्षच नाही, मी दाखवलं तरी. स्क्रीनला नाक लावून उभा.
"ताई, हे माणसाले कधी?"
खोटं बोलवेना. म्हटलं, "माहीत नाही. वर्षं लागतील. तुझ्या कामाला येईलच असंही नाही."
"बरं." मग स्क्रीनवर बोट ठेवून, "पण आतमंदी काही तं चालू रायते ना? दिसते ना ते?"
"दिसतं."
"मंग झालं."
मग दुसरा उंदीर. टोपी, जाकीट, सगळं ठीक. पेटीत सोडला तर कोपऱ्यात जाऊन बसला. बसलाच. अर्धी सकाळ गेली. ऊन चढायला लागलं. मॅडमचा धीर सुटला. त्याला जरा ढकलावं म्हणून त्यांनी हात पेटीत घातला.
"राहू द्या ना, मॅडम," सु. म्हणाला. "त्याच्या मनानं उठू द्या."
मॅडमनी हात मागे घेतला. सु. स्टूल ओढून पेटीसमोर बसला. मग मी, मग इमरान, शेवटी मॅडमही.
सु.ची परतीची गाडी गेली. उंदीर अजून बसलाय, नाक हलवत.